समोर नसलेल्या लॅपटॉपसाठी

चार दिवस झाले बेळगावात पाऊस थांबायचं नाव घेईना, वडगावात आमच्या गल्लीत दुपारी चारलाच दिवा लावायची वेळ येतेय. मागं अशाच पावसात करंट दोनदा गेलं, आणि करंट गेलं की गल्लीतले माग एकदम बंद पडतात, तो खडखडाट थांबल्यावर जी शांतता होते ती मला लहानपणापासून ओळखीची आहे, तर त्या शांततेत इन्व्हर्टरवर बसून मी एक ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, वाचून काढला. साधारण पाचशे ओळींचा, सी ह्या भाषेतला. लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्याच्या गाभ्यासाठी, एका लॅपटॉपच्या हॉटकी (ब्राइटनेस, वायफाय असली खास बटणं) आणि स्क्रीनच्या मागच्या उजेडासाठी, म्हणजे बॅकलाइटसाठी.

लिहिलाय खानापूरकडच्या एका पोरानं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज तिकडनं पंचवीसेक किलोमीटर बसनं येऊन जाऊन करतोय. सेकंडहँड लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स टाकलं आणि वरच्या ओळीतल्या एफएनच्या निम्म्या की, म्हणजे बटणं, मुक्या निघाल्या, ब्राइटनेस तर हलेचना. दुसरा कोण असता तर परत विंडोज टाकून मोकळा झाला असता. ह्यानं तीन महिने बसून ड्रायव्हर लिहिला आणि मला फोन केला, "दादा, कर्नलवाल्यांकडं पुढं पाठवायच्या आधी तू एकदा बघून दे की." मी म्हटलं दे की, बघतो.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हे मला मनापासून आवडणारं प्रकरण आहे. लॅपटॉपच्या बोर्डावर एक छोटा वेगळा कंट्रोलर असतोय, एम्बेडेड कंट्रोलर, सगळे ईसी म्हणतात. पंखा, बॅटरी, चार्जिंग, झाकण उघडलं का मिटलं, हे सगळं तो बघतो. तुम्ही एफएन धरून सूर्याचं चित्र असलेली की दाबली की बऱ्याच मशीनवर ती नेहमीच्या कीबोर्डच्या रस्त्यानं येतच नाही. ईसी इंटरप्ट मारतो, म्हणजे लक्ष दे म्हणून खूण करतो, कर्नल त्याला विचारतं काय झालं, तो एक नंबर देतो, त्या नंबरासाठी बायोसवाल्यांनी (बायोस म्हणजे मशीन चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) एसीपीआयमध्ये, म्हणजे हार्डवेअरची माहिती सिस्टमला देणाऱ्या टेबलात, एक छोटी मेथड लिहून ठेवलेली असते ती चालते, आणि ती मेथड शेवटी कुठल्यातरी डिव्हाइसला नोटिफाय करते, परत एक नंबर देऊन. ह्या शेवटच्या नंबराचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. तो अर्थ सांगायला ड्रायव्हर लागतो, आणि असे ड्रायव्हर कर्नलमध्ये प्लॅटफॉर्म एक्स८६ नावाच्या फोल्डरात आहेत, थिंकपॅडचा आहे, तोशिबाचा आहे, आसुसचा आहे, एमएसआयचा आहे. एसीपीआय हे स्टँडर्ड १९९६ चं, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबानं मिळून काढलेलं, तरी अजून प्रत्येक कंपनीचं आपापलं चाललंय.

पोरानं टेबल छान केलं होतं. कर्नलमध्ये स्पार्स कीमॅप म्हणून सोय आहे, डाव्या बाजूला कंपनीचा नंबर, उजव्या बाजूला लिनक्सचा की कोड, ब्राइटनेस कमीला २२४, वाढवायला २२५, वायफायचा वेगळा, टचपॅडचा वेगळा. नवीन लोक इथं भलामोठा स्विच केस लिहून ठेवतात, त्यानं नव्हता लिहिला. कोडची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट पण चालवून बघितली होती, एकही एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि त्याला त्याचा आनंद झाला होता. आनंद व्हायलाच पाहिजे. पण चेकपॅचला टॅब कळतो, स्पेस कळते, ओळ लांब झाली ते कळतं, लॅपटॉप कळत नाही.

मी आधी त्याला कोडबद्दल काहीच सांगितलं नाही, म्हटलं ईव्हीटेस्ट, म्हणजे दाबलेली की दाखवणारा प्रोग्रॅम, चालव आणि एकेक की दाबून कुठल्या डिव्हाइसवर काय येतंय ते लिहून काढ. लिहिल्यावर दिसलं की टचपॅडची आणि एक अजून की, अशा दोन की ड्रायव्हरमधनं पण येतायत आणि साध्या कीबोर्डमधनं पण येतायत. म्हणजे टचपॅड बंद होऊन लगेच चालू. त्याला वाटत होतं टचपॅडमध्येच काहीतरी लफडं आहे. अशा की टेबलात इग्नोर म्हणून टाकायच्या आणि कीबोर्डच्या बाजूनं येतायत तशा येऊ द्यायच्या, तिथला कोड चुकीचा असला तर युडेव्ह म्हणजे डिव्हाइस सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याच्या हार्डवेअर डेटाबेसमध्ये एक ओळ टाकली की भागतं. ड्रायव्हरची गरजच नाही तिथं ड्रायव्हर कशाला.

आता खरी गोष्ट. मी वाचता वाचता थांबलो ते डीएमआयच्या टेबलापाशी. ड्रायव्हर लोड व्हावा का नाही हे ठरवायला बायोसमधनं कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, बोर्डचं नाव वाचता येतं, आणि त्यानं फक्त कंपनीचं नाव मॅच केलं होतं. आणि खाली ब्राइटनेस बदलायला काय केलं होतं, तर ईसीच्या एका ठराविक पत्त्यावर थेट नंबर लिहिला होता. तो पत्ता त्याला कसा सापडला तर ईसीचा सगळा डंप, म्हणजे आतल्या आकड्यांची नक्कल, काढायचा, विंडोजमध्ये ब्राइटनेस बदलायचा, परत डंप काढायचा, कुठला बाइट बदलला ते बघायचं. मेहनत मोठी आहे, मी त्याला तसं बोललो पण. पण हा पत्ता त्याच्या लॅपटॉपचा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये त्या जागी पंख्याचा स्पीड असू शकतो, चार्जिंगची लिमिट असू शकते. आणि ड्रायव्हर तर नाव बघून आपोआप लोड होणार. म्हणजे कुठल्यातरी गावातल्या कुणीतरी कर्नल अपडेट केलं, ब्राइटनेसची पट्टी सरकवली, आणि आतमध्ये भलत्याच जागी आकडा जाऊन बसला.

"पण दादा, माझ्यात तर चालतंय की," तो म्हणाला.

"तुझ्यात चालणारच रे. तू दुसऱ्याच्यात पण लिहायलाईस की."

फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही. मग मी त्याला २०१३ ची गोष्ट सांगितली. सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर लिनक्स बूट करून लोकांची मशीन कायमची बंद पडली होती, परत चालूच झाली नाहीत. पहिला संशय आला तो सॅमसंग लॅपटॉप ह्याच नावाच्या ड्रायव्हरवर, हॉटकी-बॅकलाइटवालाच तो पण, कारण तो मेमरीत एका ठरलेल्या जागी जाऊन एक खूण शोधायचा आणि बायोसच्या जागी युईएफआय आलेल्या नव्या मशीनवर ती जागा तशी राहिलेली नव्हती. युईएफआयनं बूट झालं असेल तर ड्रायव्हर चालूच व्हायला नको असा बदल लगेच केला. नंतर कळलं की मूळ दोष फर्मवेअरचा, म्हणजे बोर्डावरच भरून ठेवलेल्या प्रोग्रॅमचा, त्याची व्हेरिएबल ठेवायची जागा भरत आली की मशीन उठायचंच नाही, आणि ते दुसऱ्या रस्त्यानं, अगदी विंडोजमधनं पण घडवता येत होतं. पण ड्रायव्हरवाल्यांनी आपला काय दोष नाही म्हणून हात वर केले नाहीत. ज्या मशीनवर खात्री नाही तिथं हात लावायचा नाही. एवढंच मला त्याच्या टेबलात पाहिजे होतं, कंपनी, मॉडेल आणि बोर्ड तिन्ही मॅच कर, आणि ज्या मशीनवर तू किंवा तुझ्या ओळखीच्या कुणीतरी हातानं तपासलंय तेवढीच नावं घाल. शिवाय बायोसच्या टेबलात ब्राइटनेससाठी कंपनीची स्वतःची मेथड आहे का बघ म्हटलं, असली तर ईसीला थेट हात लावूच नको. बघितलं तर होती. डब्ल्यूएमआयमधनं, म्हणजे विंडोजसाठी ठेवलेल्या एसीपीआयच्या वाटेनं, बोलावता येणारी, विंडोज तीच वापरत असणार. त्यानं त्या रात्रीच ते बदललं.

दुसरी चूक मला जास्त शिकवून गेली, म्हणजे माहीत होती पण इतकी स्वच्छ कधी बघितली नव्हती. ब्राइटनेस वाढवायची की दाबली की त्याचा ड्रायव्हर स्वतःच ब्राइटनेस एक पायरी वाढवायचा, आणि वर डेस्कटॉपला, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या-पट्ट्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, २२५ ची की पण पाठवायचा. डेस्कटॉप ती की बघून अजून एक पायरी वाढवायचा. लेव्हल एकूण आठच, शून्य ते सात. त्यामुळे शून्यावरनं दोन, दोनावरनं चार, चारावरनं सहा, आणि मग सात. त्याला हे कळलंच नव्हतं कारण तो टेस्ट करायचा साध्या काळ्या कन्सोलवर, तिथं डेस्कटॉप नाही, तिथं एकच पायरी वाढायची आणि सगळं बरोबर दिसायचं.

ह्यात प्रश्न असा आहे की उजेड बदलायचं काम कुणाचं. तीन जण दावेदार आहेत, फर्मवेअर, कर्नल आणि डेस्कटॉप. कर्नलमधल्या एसीपीआय व्हिडिओ ड्रायव्हरला ह्यासाठी एक वेगळं पॅरामीटरच द्यावं लागलंय, की दाबल्यावर स्वतः ब्राइटनेस बदलायचा का नुसतं कळवायचं म्हणून, म्हणजे ही दोन-दोन पायऱ्यांची तक्रार जुनी आहे. माझं मत ठाम आहे. ईसी नुसतं की दाबली एवढंच सांगत असेल तर ड्रायव्हरनं की पुढं द्यावी आणि गप्प बसावं, किती वाढवायचं ते डेस्कटॉप ठरवेल. आणि ईसीनं स्वतःच उजेड बदलून मग सांगितलं असेल तर उलटं, की पाठवायची नाही, बॅकलाइट फोर्स अपडेट हे फंक्शन हॉटकी हे कारण देऊन बोलवायचं, म्हणजे डेस्कटॉपला कळतं की आकडा बदललाय आणि त्याची पट्टी सरकते, पण तो परत वाढवत नाही. जे झालं तेच ड्रायव्हरनं सांगायचं. पोराच्या मशीनमध्ये ईसी काही बदलत नाही, नुसतं सांगतो, त्यामुळे त्याच्या हँडलरमधल्या, म्हणजे नोटिफाय आला की चालणाऱ्या कोडमधल्या, अकरा ओळी गेल्या आणि एक राहिली.

मग बॅकलाइट मुळात ह्या ड्रायव्हरनं द्यायचा का, हा प्रश्न. विचारलाच पाहिजे, कारण त्याच्या लॅपटॉपात इंटेलचं ग्राफिक्स आहे आणि इंटेलचा ड्रायव्हर आपला बॅकलाइट रजिस्टर करतोच, म्हणजे कर्नलकडं नोंदवतोच. त्याच्या सिस क्लास बॅकलाइट फोल्डरात दोन-दोन नावं दिसत होती, एकाची कमाल हजारांत आणि ह्याची सात. कर्नल ६.१ पासून, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरपासून, प्रयत्न असा आहे की एका स्क्रीनला एकच बॅकलाइट दिसावा, आणि कंपनीच्या ड्रायव्हरनं रजिस्टर करायच्या आधी विचारायचं की बाबा ह्या मशीनवर माझी पाळी आहे काय. ह्यानं न विचारताच रजिस्टर केलं होतं. मला आतनं वाटत होतं की त्याचा निम्मा ड्रायव्हर उडणार, आणि ते त्याला कसं सांगायचं ह्याचा मी विचार करत बसलो होतो. पण आधी तपासू म्हटलं. बूटला एसीपीआय बॅकलाइट नेटिव्ह (म्हणजे ग्राफिक्सचाच बॅकलाइट वापर) असं देऊन त्यानं बघितलं, पट्टी सरकतेय, फाइलीतला आकडा बदलतोय, स्क्रीन मात्र ढिम्म. त्या बोर्डावर उजेडाची वायर ग्राफिक्सकडं जातच नाही, ईसीकडं जाते. व्हेंडर (म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरचा वापर) असं देऊन बघितलं तर ह्याच्या ड्रायव्हरनं उजेड बदलला. त्यामुळे त्याची मेहनत राहिली, फक्त विचारून रजिस्टर करायचं, आणि कुठल्या मशीनला कुठला बॅकलाइट ते ठरवणाऱ्या व्हिडिओ डिटेक्टच्या टेबलात ह्या मॉडेलची एक नोंद वेगळ्या पॅचमध्ये, म्हणजे बदलाच्या वेगळ्या फाइलीत, द्यायची. मला खरंच बरं वाटलं त्या दिवशी.

शून्याचं आता. हे मी सगळ्यात लांब लिहून पाठवलं त्याला, आणि त्याचं कारण आमचे काका.

काकांचं खडे बाजारात कापडाचं दुकान आहे, बिलासाठी एक जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर लिनक्स मीच टाकून दिलंय. मागच्या दिवाळीच्या गर्दीत त्यांचा फोन आला, "अरे लवकर ये, लॅपटॉप गेलंय की, सकाळपासनं काळंच आहे." मी जाईपर्यंत शेजारच्या कुणीतरी सांगून टाकलं होतं की डिस्प्ले गेला, नवीन घाला. मी गेलो, पंखा चालू, दिवा चालू. मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिरका धरून स्क्रीनच्या अगदी जवळ नेला, तर आत बिल दिसलं. पुसट, पाण्याच्या तळाशी असल्यासारखं, पण गिऱ्हाइकाचं नाव, मीटर, दर, सगळं. सकाळी धूळ पुसताना कापड कीबोर्डवरनं फिरलं होतं, एफएन आणि कमीची की दाबली गेली होती, आणि शून्याला बॅकलाइट पूर्ण बंद. नुसतं वाढवायची की दाबली, लख्ख. बंद करून चालू केलं असतं तरी आलं असतं, कारण बूटच्या वेळी सगळं सुरू करणारं सिस्टमडी किमान पाच टक्के किंवा एक पायरी तरी उजेड ठेवतंय, पण बिलं अर्धवट होती म्हणून काकांनी ते बंदच केलं नव्हतं. चार तास दुकानात माणसं थांबवून हातानं बिलं लिहिली त्यांनी.

म्हणून शून्य म्हणजे अंधार हे मला मान्य नाही. शून्य म्हणजे सगळ्यात मंद पण वाचता येईल असा उजेड. बंद करायचं असेल तर त्याला वेगळी फाइल आहे, बीएल पॉवर, तिथं शून्य म्हणजे चालू आणि चार म्हणजे बंद. पोराला सांगितलं, ईसीच्या एक ते सात लेव्हल बाहेर शून्य ते सहा म्हणून दाखव, अपडेटच्या फंक्शनमध्ये आधी बघ की स्क्रीन ब्लँक केलंय काय, केलं असेल तर त्या मेथडमधनं ईसीला शून्य लिही, नसेल तर मागितलेल्या आकड्यात एक मिळवून लिही. वाचताना एक वजा कर.

त्यानं केलं, आणि त्यात परत एक बारीक गोष्ट निघाली. स्क्रीन बंद असताना ईसीतनं शून्य येतो, त्यातनं एक वजा केला की उणे एक. कर्नलमध्ये उणे आकडा म्हणजे एरर, आणि उणे एक म्हणजे परवानगी नाही. त्यामुळे स्क्रीन बंद असताना दुसऱ्या मशीनवरनं लॉगिन करून ॲक्च्युअल ब्राइटनेसची फाइल वाचली तर रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, पण ऑपरेशन नॉट परमिटेड. त्यानंच शोधलं ते, मी नाही. रात्री साडेअकराला फोन करून सांगालता, आवाजात एवढा आनंद की मला तो दिसत होता.

राहिलं क्रमाचं. प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, त्यानं आधी नोटिफायचा हँडलर बसवला होता आणि नंतर इनपुट डिव्हाइस तयार केलं होतं. मधल्या त्या क्षणात कुणी की दाबली तर हँडलर चालणार आणि ज्याच्यावर लिहायचं ते अजून जन्मालाच आलेलं नाही. हे त्याला समजावताना मला आमच्या बाबांचा माग आठवला. उभे धागे सगळे ताणून, फणीतनं ओढून, गाठी बघून झाल्याशिवाय बाबा कधी धोटा सोडायचे नाहीत, एक धागा राहिला असला तरी थांबायचे. तसंच इथं, इनपुट तयार, कीमॅप तयार, बॅकलाइट रजिस्टर, आणि सगळ्यात शेवटी हँडलर. काढताना उलटं, पहिला हँडलर. डेव्हएम फंक्शनं वापरली की उलटा क्रम कर्नल स्वतः सांभाळतं, हँडलर काढायचं काम पण त्याच यादीत ॲक्शन म्हणून घालता येतं. आणि तपासायचं असं, एका हातानं ब्राइटनेसची की दाबून धरायची आणि स्क्रिप्टनं मॉड्यूल, म्हणजे हा ड्रायव्हर, शंभर वेळा घालायचं-काढायचं. पहिल्या व्हर्जनला सातव्या फेरीलाच ऊप्स, म्हणजे कर्नलच्या आतली मोठी एरर, आला. आता दोनशे फेऱ्या झाल्यात, काय नाही.

लिहून दिलेल्या कॉमेंट इंग्लिशमध्येच होत्या, कारण पुढं कर्नलवाले इंग्लिशच वाचणार आहेत आणि त्याला सवय पाहिजे. पण प्रत्येक कॉमेंटमागचं कारण फोनवर मराठीत सांगितलं. कारण न सांगता नुसतं हे बदल ते बदल म्हटलं की पोरं बदलतात, पण पुढच्या ड्रायव्हरला तीच चूक परत करतात. मला पहिल्यांदा कुणीतरी अशी कारणं सांगितली होती तेव्हाच मी ह्यात टिकलो. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, पण त्याला तेच लिहायला लावलं, काय केलं ते कोडमध्ये दिसतंच, का केलं ते लिही, कुठल्या मॉडेलवर तपासलं ते लिही, नेटिव्हला काय झालं ते लिही.

तिसऱ्या व्हर्जनमध्ये ओळी पाचशेच्या तीनशे साठ झाल्यात. कीबोर्डच्या लाइटची की अजून मुकी आहे, त्याचा नोटिफाय येतोय पण लाइट कुठल्या मेथडनं लागतो ते सापडलं नाही, ते ह्या पॅचमध्ये नको म्हटलं, नंतर वेगळं बघू.

आणि परवा त्याचा फोन, निपाणीच्या त्याच्या एका मैत्रिणीकडं "अगदी सेम" लॅपटॉप आहे, तिच्या पण की चालत नाहीत, तर टेबलात तिचं मॉडेल घालू काय. मी विचारलं बोर्डचं नाव काय येतंय. तिनं डीएमआयडीकोड, म्हणजे ही नावं दाखवणारा प्रोग्रॅम, चालवून फोटो पाठवला, मॉडेलचं नाव तेच, बोर्डचं नाव शेवटच्या दोन अक्षरांत वेगळं. "दोनच अक्षरं आहेत की दादा." म्हटलं असू दे दोनच, आत काय बदललंय ते बघितल्याशिवाय नाही. रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं निपाणीला जायलोय, पेन ड्राइव्ह घेऊन, एसीपीआयचे सगळे टेबल डंप करून आणायचे आणि ब्राइटनेसची ती मेथड ह्याच्याशी ओळीला ओळ लावून बघायची. तोपर्यंत टेबलात एकच नाव आहे.